संकेतस्थळाचा मेनू : हार्डकोडेड मांडणी आणि हेडलेस सीएमएस

संकेतस्थळाच्या पानांकडे नेणाऱ्या दुव्यांची यादी, म्हणजे मेनू, डेव्हलपरच्या कोडमध्ये थेट लिहिता येते किंवा संपादकांच्या हाती असलेल्या आशय व्यवस्थापन प्रणालीत, म्हणजे सीएमएसमध्ये, ठेवता येते. पहिल्या पद्धतीला हार्डकोडेड मेनू म्हणतात. दुसऱ्या पद्धतीतील प्रणाली हेडलेस असेल, तर ती पान रचून देत नाही. आशय साठवते आणि एपीआयमार्फत, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागवण्याच्या ठरलेल्या मार्गाने, बहुधा जेसन या मजकुरी डेटा-स्वरूपात, पुरवते.

वर्डप्रेस या पाने रचून देणाऱ्या प्रचलित सीएमएसच्या ३.० या आवृत्तीपासून (२०१०) संपादकाला कोडला हात न लावता मेनू बनवता येऊ लागला. हेडलेस प्रणालीत ही सोय बहुधा तयार मिळत नाही. तेथे मेनू हाही एक आशयप्रकार मानून नोंदींची नावे, क्रम, उपमेनू आणि भाषांतरे यांची रचना स्वतः करावी लागते, आणि खरे काम हेच असते. त्यातही दुवा कसा साठवायचा, हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा. मेनूतील नोंद पानाच्या नोंदीशी संदर्भाने जोडली, तर पानाचा पत्ता बदलल्यावरही दुवा तुटत नाही. पत्ता नुसता टाइप करून ठेवला, तर मात्र ही मांडणी हार्डकोडेडपेक्षाही कच्ची ठरते, कारण कोडमधील बदल निदान गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या इतिहासात राहतो आणि प्रकाशनापूर्वी दुसऱ्याच्या नजरेखालून जाऊ शकतो.

मेनू वाचकाच्या ब्राउझरमध्ये एपीआयकडून मागवला, तर तो उशिरा उमटतो आणि सेवा बंद पडल्यास दिसतच नाही. म्हणून तो बिल्डच्या वेळीच, म्हणजे संकेतस्थळाची पाने आधीच तयार केली जातात तेव्हा, एचटीएमएलमध्ये उतरवून ठेवणे आणि संपादकाने बदल प्रकाशित करताच वेबहुकद्वारे, म्हणजे सीएमएसकडून आपोआप जाणाऱ्या संदेशाद्वारे, नवे बिल्ड सुरू करणे श्रेयस्कर असते.

मेनू किती वेळा बदलतो आणि कोण बदलतो, यावर निवड ठरवावी. ‘मुख्यपृष्ठ’, ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ अशा वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या मोजक्या नोंदींसाठी हेडलेस रचना उभारणे हा अनाठायी खर्च आहे. बाकीचा आशय सीएमएसमध्ये आहे, एवढे कारण त्याला पुरत नाही. याउलट, विद्यापीठासारख्या संस्थेत विभाग आणि अभ्यासक्रम बदलत राहतात; तेथे प्रत्येक नावासाठी डेव्हलपरची वाट पाहायला लावणे संपादकांवर अन्याय करणारे आहे. अशा ठिकाणी वरची पातळी कोडमध्ये आणि उपमेनू सीएमएसमध्ये ठेवण्याची मिश्र पद्धतही चालते. डब्ल्यूसीएजी २.० (२००८) या सुगम्यता मानकानुसार पानोपानी येणाऱ्या मेनूतील नोंदींचा सापेक्ष क्रम सारखा राहायला हवा. त्यामुळे संपादकाला नोंदींची नावे बदलण्याची मुभा असली, तरी एकाच पानापुरता वेगळा क्रम लावण्याची सोय देऊ नये.