फाशी कायम झाल्यावर दयेचा अर्ज: मुदत कधीपासून मोजायची, कागद कुठले जोडायचे

सुप्रीम कोर्टाचा निकाल टीव्हीवर कळतो. घरचे वकिलांच्या शोधात महिनाभर फिरतात आणि मग कुणीतरी सांगतं, ‘मुदत गेली.’ ती गेली असेलच असं नाही, म्हणून आधी मुदतीचंच पाहू.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ नुसार दयेच्या अर्जाला ३० दिवस मिळतात. ते निकालाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत. अपील, पुनर्विलोकन किंवा विशेष अनुमती याचिका फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षक कैद्याला ज्या दिवशी कळवतात, त्या दिवसापासून मोजायचे. म्हणून सगळ्यात पहिला कागद म्हणजे अधीक्षकांच्या त्या पत्राची तारीख असलेली प्रत. ‘तोंडी सांगितलं होतं’ हे ऐकून परत येऊ नका, लेखी मागा.

दुसऱ्या टप्प्यात नेमकं उलटं आहे. अर्ज आधी राज्यपालांकडे (घटनेचं कलम १६१) करता येतो. तिथेच आधी करावा, म्हणजे राष्ट्रपतींचं दार (कलम ७२) शिल्लक राहतं. राज्यपालांनी फेटाळला तर राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस असतात, पण ते फेटाळल्याच्या तारखेपासून. तुम्हाला कळल्याच्या तारखेपासून नव्हे. फाईल मंत्रालयातून तुरुंगात पोचेपर्यंतचे दिवस तुमच्याच खात्यातून जातात. हे अन्यायाचं आहे, पण कलम असंच आहे. त्यामुळे राज्यपालांकडे अर्ज पडला की तुरुंगात विचारणा चालू ठेवा.

अर्ज कैदी स्वतः, त्याचा कायदेशीर वारस किंवा नातेवाईक करू शकतो. गावकऱ्यांच्या सह्यांचं निवेदन जरूर पाठवा, पण ते अर्जाची जागा घेत नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, या टप्प्यावरही. एकाच खटल्यात अनेकांना फाशी असेल आणि एखाद्याने अर्जच केला नाही, तर त्याचे तपशील अधीक्षकांनी स्वतःहून सरकारकडे पाठवायचे असतात.

आता कागद. तिन्ही कोर्टांचे निकाल, तुरुंगातल्या वर्तणुकीचा अहवाल, वैद्यकीय कागदपत्रं. अर्जासाठी लागणारे कागद तुरुंगाने आठवड्याभरात द्यावेत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१४ मध्ये सांगितलं आहे. तुरुंगात नसतात ते कागद घरच्यांनी शोधायचे: मनोरुग्णालयाचे जुने केसपेपर, घरच्या परिस्थितीचे दाखले आणि वयाचा पुरावा. वयाच्या पुराव्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक जण गुन्ह्याच्या वेळी जेमतेम १२ वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या दाखल्यावरून सिद्ध झालं आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. तोवर २८ वर्षं तुरुंगात गेली होती. शाळा बंद पडली असेल, गाव दूर असेल, दाखल्यावर नाव वेगळं असेल, तरी जनरल रजिस्टरचा उतारा मिळवायला माणूस पाठवाच.

अर्जात खटल्याची कहाणी पुन्हा लिहिण्यातच बरीच पानं जातात. वय, आजार, न्यायाधीशांमधला मतभेद, नवा पुरावा, तपासातला किंवा खटल्यातला विलंब, तुरुंगातली सुधारणा हे ठळकपणे मांडा. तोंडी सुनावणीचा हक्क नाही. कागदावर नसलेलं कुणाच्याही कानावर जाणार नाही.

अर्ज फेटाळला गेला तर? कलम ४७२ म्हणतं, त्या निर्णयाविरुद्ध अपील नाही आणि कोर्टाने त्यात शिरायचं नाही. हे वाचून घरी बसू नका. निर्णयावर मर्यादित कारणांसाठी दाद मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने घटनेच्या आधारे वेळोवेळी मान्य केलं आहे. अवाजवी विलंब हे तर फाशी रद्द करून जन्मठेप देण्याचं स्वतंत्र कारण आहे. वॉरंट, म्हणजे फाशीची तारीख ठरवणारा कोर्टाचा आदेश, हातात पडल्यापासून प्रत्यक्ष फाशीपर्यंत पूर्ण १५ दिवस मिळायला हवेत, असंही डिसेंबर २०२४ च्या निकालात आहे.

तो निकाल पुण्याच्याच २००७ च्या एका खटल्यातला. राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये अर्ज फेटाळला, वॉरंट निघालं थेट २०१९ मध्ये. मुंबई हायकोर्टाने फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली आणि सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. कुठल्या टेबलावर फाईल किती दिवस पडून होती, याचा तिथे तारखेनिशी हिशोब झाला. तुमच्या प्रत्येक अर्जाची पोच, पोस्टाची पावती आणि आवक क्रमांक पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये लावत चला.