खिडकीमागचा शांत चेहरा

'सरकारी नोकरीत कसला आलाय ताण? वेळ झाली की घरी!' हे ऐकलं की वाद घालायची खुमखुमी येते. कारण माणूस नुसत्या तासांनी थकत नाही. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये 'बर्नआउट'वर, म्हणजे कामाने माणूस आतून रिता होण्यावर, लिहिलं, ते न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्या लोकांना पाहून. पुढे 1981 मध्ये क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी तो मोजायची प्रश्नावली केली. तीत तीन गोष्टी तपासतात: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा आणि 'माझ्या हातून काहीच होत नाही' ही भावना.

यातला थकवा येतो कुठून? राग आल्यामुळे, असं आपल्याला वाटतं. खरी गंमत राग लपवण्यात आहे.

समोरचा माणूस ओरडतोय. तुमच्या मेंदूने 'हा हल्ला आहे' असा अर्थ लावला, अनुकंपी चेतासंस्था (संकटात शरीराला सज्ज करणारी मज्जातंतूंची यंत्रणा) कामाला लागली, आणि त्यानंतर तुम्ही चेहरा सरळ केलात. म्हणजे गाडी सुटल्यावर फलाट अडवला! जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये हेच तपासलं. किळसवाणी चित्रफीत पाहताना काहींना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, असं सांगितलं. चेहरे बरेच शांत राहिले, पण किळस कमी झाली नाही. उलट अनुकंपी चेतासंस्थेची सक्रियता वाढली. त्वचेची विद्युतवाहकता वाढली, ती घामाच्या ग्रंथींमुळे. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की भावना दाबताना समोर काय घडलं तेही नीट लक्षात राहत नाही, कारण मेंदूचा एक हिस्सा चेहऱ्याच्या पहाऱ्यावर अडकलेला असतो. या दाबण्याला 'वरवरचा अभिनय' म्हणतात. मुळात अर्थच बदलला ('हा माझ्यावर नाही, नियमावर चिडलाय'), तर तो 'खोल अभिनय'. अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा भावनिक थकव्याशी पहिल्याचं नातं स्पष्ट दिसलं, दुसऱ्याचं फारच क्षीण.

सार्वजनिक सेवेत यावर आणखी एक पेच असतो. दुकानदार नकोशा गिऱ्हाइकाला वाटेला लावू शकतो. इथे नागरिकाला दुसरी खिडकी नाही आणि कर्मचाऱ्याला नियम वाकवता येत नाही. शिवाय दाबायचा असतो तो फक्त राग नव्हे. एका कागदापायी म्हातारीचा अर्ज परत करताना कणवही गिळावी लागते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये 'भावनिक श्रम' (नोकरीसाठी भावना आवरणं वा दाखवणं) ही कल्पना मांडली, तेव्हा हसऱ्या हवाई सुंदरींबरोबर कठोर राहणं भाग असलेले वसुली कर्मचारीही अभ्यासले होते. कठोर दिसणं हाही अभिनयच.

आता यावर 'सकारात्मक विचार करा' छापाच्या कार्यशाळा निघतात. सतत हसत राहा, असं शिकवणं म्हणजे वरवरच्या अभिनयाचीच शिकवणी! जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउट हा आजार नाही, तर कामाशी निगडित स्थिती आहे. तेव्हा दुरुस्ती कामातही हवी: खिडकीवरची पाळी बदलणं, शिवीगाळ झाली तर काम थांबवण्याची मुभा, छोटे निर्णय घ्यायचा अधिकार.

नाहीतर शरीर स्वतःच स्वस्तातला मार्ग काढतं. काही वाटलंच नाही तर दाबायचं काय? तोच मॅसलॅक यांच्या यादीतला कोरडेपणा. खिडकीच्या अलीकडून आपण त्याला उर्मटपणा म्हणतो आणि चढ्या आवाजात तक्रार करतो. पलीकडचा माणूस पुन्हा चेहरा सरळ करतो.