नगरपरिषद-महापालिका निवडणूक : उमेदवारी अर्ज मागे कसा घ्यायचा?

उमेदवारी मागे घ्यायची ठरली असेल, तर आधी तारीख आणि वेळ बघा. राज्य निवडणूक आयोगाच्या कार्यक्रमात माघारीचा शेवटचा दिवस दिलेला असतो आणि त्या दिवशी दुपारी ३ वाजता मुदत संपते. २९ महापालिकांच्या निवडणुकीत ३१ डिसेंबर २०२५ ला छाननी झाली, माघार २ जानेवारी २०२६ पर्यंत आणि ३ तारखेला चिन्हवाटप. म्हणजे विचार करायला जेमतेम दोन दिवस.

छाननीत ज्याचा अर्ज वैध ठरला, त्यालाच माघार घेता येते. कारण लिहावं लागत नाही. पक्षाचा एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचा कागद) जोडलेला असला तरी माघारीच्या कागदावर सही उमेदवाराचीच लागते. जिल्हाध्यक्षांच्या पत्राने नाव निघत नाही. एकाच जागेसाठी दोन-तीन अर्ज भरले असतील तर एक सूचना पुरते. मात्र बहुसदस्यीय प्रभागात 'अ' आणि 'ब' अशा दोन जागांवर अर्ज असतील तर प्रत्येक जागेची माघार वेगळी द्या. इथे बरेच जण चुकतात.

सोबत काय न्यायचं? माघारीच्या सूचनेचा नमुना निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो. त्यात नाव, प्रभाग, जागा अर्जात होती तशीच भरा. मतदार ओळखपत्र किंवा आधार जवळ ठेवा, कारण सही खरी आहे याची अधिकारी खात्री करून घेतात. अनामत रकमेची पावतीही न्या. मुदतीत माघार घेतल्यास अनामत परत मिळते. स्वतः जाणं शक्य नसेल तर सूचक (अर्जात उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार) किंवा निवडणूक प्रतिनिधी कागद देऊ शकतो, पण उमेदवाराच्या लेखी अधिकारपत्रासह. एका निवडणुकीत तीनला दहा मिनिटं असताना एका उमेदवाराचा पुतण्या धापा टाकत आला. सूचनेवर काकांची सही होती, अधिकारपत्र मात्र नव्हतं आणि तो सूचकही नव्हता. कागद स्वीकारला गेला नाही. काका आजारी, घरी पडून. त्यांचं नाव मतदान यंत्रावर राहिलं. त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

एकदा दिलेली माघार मागे घेता येत नाही. संध्याकाळी मन बदललं, समेट फिसकटला, तरी उपयोग नाही. आणि तीननंतर 'अमुक उमेदवाराला पाठिंबा' असं पत्रक काढलं तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही रिंगणातच असता. तुमच्या चिन्हावरची मतं मोजली जातात आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेबही द्यावा लागतो.

नगरपरिषदेत एक गोष्ट वेगळी आहे. छाननीच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं आणि अपील झालेल्या जागेसाठी माघारीची तारीख पुढे जाते. २०२५ मध्ये काही ठिकाणी अपिलांचे निकाल उशिरा आले, माघारीला नियमाप्रमाणे पुरेसा अवधी मिळाला नाही, म्हणून तिथलं २ डिसेंबरचं मतदान २० डिसेंबरला घ्यावं लागलं. माघारीचा हक्क इतका महत्त्वाचा मानला जातो.

म्हणूनच तो कुणी विकत घेऊ नये आणि दमदाटीने हिसकावू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६९ मध्ये निवडणूकविषयक हक्काच्या व्याख्येतच उमेदवारी मागे घेण्याचा हक्क आहे. त्यासाठी पैसे देणं वा घेणं ही लाच ठरते, धाकदपटशा हाही गुन्हा. २०२१ मध्ये सरपंचपदाचा लिलाव झाल्यावरून आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी ग्रामपंचायतींची निवडणूकच रद्द केली होती. कुणी दबाव टाकत असेल तर सही करण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या, त्याची पोच घ्या.

कागद दिल्यावर लगेच घरी जाऊ नका. त्याचीही पोच घ्या आणि माघार घेतलेल्यांच्या यादीत नाव आलंय का, ते कार्यालयाच्या फलकावर पाहा. अंतिम यादी लागली की तीही तपासा.