प्रयोगशाळेतला हिरा आणि मोडीचा भाव

जळगावच्या सराफ बाजारात डाग, म्हणजे दागिना, घेणारं गिऱ्हाईक दोन गोष्टी विचारतं: घडणावळ किती, आणि उद्या मोडायला आणला तर काय द्याल? प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याने दागिन्यांच्या धंद्यात जी खळबळ उडवली आहे, तिचं मूळ या दुसऱ्या प्रश्नात आहे.

खानदेश कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत तिथला कापूस अडला आणि इकडच्या कापसाचे भाव भडकले. हाती आलेला पैसा अंगावरच्या डागांत मुरवायचा, पेरणीला नड आली की डाग गहाण टाकायचा किंवा मोडायचा, ही इथली जुनी रीत. १९६३ मध्ये १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी आली, सोनारांची चूल विझायची वेळ आली, तरी सोन्यावरचा जीव कमी झाला नाही. या हिशेबात हिऱ्याला जागाच नव्हती. त्याचा कस कसोटीवर लागत नाही आणि नडीला अर्धा तुकडा तोडून विकता येत नाही.

हिऱ्याची किंमत उभी होती ती टंचाईवर, आणि तीही बरीचशी राखलेली. १८७० नंतर दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला इतके हिरे निघाले, की भाव टिकवण्यासाठी डी बिअर्स या हिरे कंपनीने पुरवठाच मुठीत ठेवला. ‘हिरा कायमचा’ हे त्यांचं १९४७ चं घोषवाक्य प्रेमाचं खरंच, पण कायमचा म्हणजे मोडायला न आणण्याचा, हेही त्यात आलंच!

डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरा तयार केला. तो बारीक कणांचा, कापायच्या-घासायच्या अवजारांपुरता. दागिन्याजोगा खडा १९७० च्या सुमारास जमला, पण खाणीतल्यापेक्षा महाग पडला. पुढे दुसरी पद्धत रुळली: हिऱ्याची पातळ चकती ‘बी’ म्हणून ठेवायची, मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडायचे, आणि कार्बनचे थर चढू द्यायचे. काही आठवड्यांत खडा तयार. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये; टिश्यूकल्चरचं रोप बाटलीत वाढलं म्हणून केळी खोटी ठरत नाही.

अमेरिकन डायमंडची गोष्ट वेगळी. तो झिरकोनिया या वेगळ्याच पदार्थाचा; खड्यातून उष्णता कशी वाहते ते तपासणारं टेस्टर पेन टेकवलं की पकडला जातो. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर मात्र पेन ‘हिरा’ असंच सांगतं, कारण खाणीतल्या आणि प्रयोगशाळेतल्या, दोन्ही हिऱ्यांत उष्णता सारखीच वाहते. फरक ओळखायला वेगळं यंत्र आणि प्रमाणपत्र लागतं.

ताप्ती लाइन या रेल्वेमार्गावरचं सुरत खानदेशाला परकं नाही. नंदुरबार-अमळनेरकडची कितीतरी घरं सुरतच्या उधना-लिंबायत भागात स्थिरावली आहेत. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या या शहराने हिरे वाढवायची यंत्रंही बसवली. २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘बी’वरचं आयातशुल्क काढलं गेलं. यंत्रं वाढली, माल वाढला, भाव कोसळले. डी बिअर्सने २०१८ मध्ये वेगळ्या ब्रँडखाली कॅरेटला (इथे कॅरेट म्हणजे हिऱ्याचं वजन) ८०० डॉलरने प्रयोगशाळेतले हिरे विकायला काढले, आणि २०२५ मध्ये तो ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

खरा फटका बसतोय तो ‘गुंतवणूक’ म्हणून खाणीतला हिरा विकणाऱ्याला. हौसेला स्वस्त खडा मिळाल्यावर महाग खड्याचं समर्थन करणं त्याला अवघड जातंय. सोन्याच्या मोडीचं गणित आहे तसंच आहे: खड्याचं वजन वजा, उरलेल्या सोन्याला त्या दिवशीचा भाव.