टर्नर, हेन्री मॅक्नील

टर्नर, हेन्री मॅक्नील : (१ फेब्रुवारी १८३४ – ८ मे १९१५). अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाचे कृष्णवर्णीय सदस्य, धर्मोपदेशक व पुढे बिशप. जन्म दक्षिण कॅरोलायनातील न्यूबेरी येथे, स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे त्या राज्यात गुन्हा होता. टर्नर गुलाम नसले, तरी शाळेचे दार त्यांनाही बंदच होते. अ‍ॅबेव्हिल येथे वकिलांच्या कचेरीत पडेल ते काम करणाऱ्या या मुलाची तल्लख स्मरणशक्ती तिथल्या मंडळींच्या नजरेत भरली आणि त्यांनीच त्याला शिकवले. १८५८ मध्ये ते आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च या कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र ख्रिस्ती पंथसंस्थेत दाखल झाले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेल्या अमेरिकन यादवी युद्धात, १८६३ साली, कृष्णवर्णीय पलटणीचे धर्मगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली.

युद्ध संपल्यावर ते जॉर्जियात आले. गावोगाव चर्चच्या शाखा काढता काढता त्यांनी नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांना गुलामगिरी संपवणाऱ्या रिपब्लिकन पक्षाकडे वळवले. जॉर्जियाची नवी घटना तयार करणाऱ्या १८६७-६८ च्या राज्यघटना परिषदेवर ते निवडून गेले. तिथे त्यांचा सूर समेटाचा होता. कालच्या मालकांना दुखवू नये, म्हणजे तेही आपल्याला वागवून घेतील, असा त्यांना भरवसा वाटत होता. कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला; पण त्यांना सरकारी पद धारण करता येईल, असे सांगणारा स्पष्ट शब्द घटनेत राहिला नाही. मत देता येते तर निवडूनही येता येते, हे उघडच आहे असे मानले गेले. ही चूक फार महाग पडली.

१८६८ मध्ये टर्नर मेकन शहर असलेल्या बिब काउंटीतून (जिल्ह्यातून) राज्य विधिमंडळाच्या प्रतिनिधिगृहावर, म्हणजे कनिष्ठ सभागृहावर, निवडून आले. काही महिन्यांतच गौरवर्णीय सदस्यांनी घटनेतल्या त्याच मौनावर बोट ठेवले : मत देण्याचा हक्क म्हणजे सभागृहात बसण्याचा हक्क नव्हे. ३ सप्टेंबर १८६८ रोजी, हकालपट्टीच्या मतदानापूर्वी, टर्नर बोलायला उभे राहिले. आपण कोणापुढे लाळघोटेपणा करणार नाही, हक्कांसाठी पदर पसरणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. मी माणूस आहे की नाही, एवढाच आज प्रश्न आहे, असे ते म्हणाले. अडीचशे वर्षे तुमची शेते आम्ही कसली, तुमचे पीक आम्ही घरात आणले, याची त्यांनी सभागृहाला आठवण दिली. परिषदेतला समेटाचा सूर या भाषणात औषधालाही उरलेला नाही. माणसाचा विश्वास तुटतो तो क्षण इथे ऐकू येतो. भाषणाने मते मात्र फिरली नाहीत. प्रतिनिधिगृहातून आणि नंतर सिनेट या वरिष्ठ सभागृहातूनही कृष्णवर्णीय सदस्यांना काढण्यात आले. वर्णाने उजळ असलेले चौघे तेवढे प्रतिनिधिगृहात राहिले. कायद्याचा अर्थ कातडीच्या छटेवर ठरत होता, याचा याहून उघड पुरावा नाही. रिकाम्या जागा पराभूत उमेदवारांना मिळाल्या. त्याच महिन्यात कॅमिला गावी रिपब्लिकन सभेसाठी निघालेल्या कृष्णवर्णीयांवर गोळीबार होऊन अनेक जण मारले गेले.

१८६९ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना पद धारण करता येते असा निर्णय दिला. त्यानंतर वॉशिंग्टनच्या काँग्रेसने, म्हणजे देशाच्या संसदेने, राज्यावर पुन्हा लष्करी देखरेख बसवली, तेव्हा कुठे १८७० च्या आरंभी टर्नर व त्यांचे सहकारी आपल्या जागी परतले. पण त्या वर्षअखेरच्या निवडणुकीने कृष्णवर्णीयांच्या हक्कांना विरोध करणाऱ्या डिमॉक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व पक्के केले आणि टर्नर यांची विधिमंडळातली कारकीर्द आटोपली.

१८८० मध्ये ते बिशप झाले. सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा १८८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, तेव्हा अमेरिकेत आपल्या लोकांना भवितव्य नाही या मतावर ते ठाम झाले. आफ्रिकेत परत जाण्याचा पुरस्कार ते अखेरपर्यंत करत राहिले आणि १८९० च्या दशकात स्वतः सिएरा लिओन, लायबेरिया व दक्षिण आफ्रिका येथे जाऊन आले. देव कृष्णवर्णीय आहे, असे त्यांनी १८९८ मध्ये लिहिले. कॅनडातील विंडसर येथे त्यांचे निधन झाले. हकालपट्टी झालेल्या सदस्यांचे स्मारकशिल्प आज अटलांटा येथील राज्य विधानभवनाच्या आवारात आहे.