उत्सवी संगीत नाटक (गोवा)

गोव्यातील देवस्थानांच्या जत्रा, काले आणि इतर उत्सवांत गावकऱ्यांनी स्वतः बसवून रात्री करायचे मराठी संगीत नाटक. ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’ अशी मोजकीच नाटके गावोगाव पुन्हा पुन्हा उभी राहतात. संहिता तीच, पदे बहुतेक तीच. बदलतो तो नटसंच. म्हणून प्रेक्षक गोष्ट बघायला येत नाहीत. ‘सौभद्रा’तली यंदाची सुभद्रा ‘वद जाऊ कुणाला शरण’ कशी घेते आणि गेल्या खेपेच्या सुभद्रेपुढे ती टिकते का, हे ऐकायला येतात.

संगीत नाटकाचा घाट अण्णासाहेब किर्लोस्करांनी बांधला. 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले. नाटक मंडळ्यांच्या काळात बायकांची कामे पुरुषच करीत आणि नट गाणारा असे. भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेनंतर बालगंधर्वांची सुभद्रा आली. भूमिकेला वारसदार मिळण्याची आणि त्याची पहिल्याशी तुलना होण्याची सवय प्रेक्षकांना तेव्हापासूनच लागली. गोव्यात ही नाटके रुजली त्याला कारण होते. फोंडा महालातील मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदिवडे यांसारख्या देवस्थानांत गायन-वादन हा नित्य सेवेचा भाग होता. कलावंत घराण्यांत गाणे पिढीजात होते आणि भजन-कीर्तनाने साध्या गावकऱ्याचाही कान तयार केलेला होता. या घराण्यांतील बायकांनी मराठी रंगभूमीला आणि हिंदुस्थानी संगीताला किती दिले याचा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही.

उत्सवी नाटकाची निवड बहुधा गळा पाहून होते. गावात अर्जुन गाणारा असेल तर ‘सौभद्र’, नसेल तर दुसरे काही. ‘संशयकल्लोळा’ला अश्विनशेठ आणि रेवती गाणारीच हवीत, फाल्गुनराव आणि भादव्या यांना विनोदाचे अंग असले तरी भागते. त्यामुळे गाता न येणाऱ्या हौशी नटांनाही कामे मिळतात आणि तालमीला गाव जमते. पालखी आटोपल्यावर उशिरा पडदा वर जातो. पूर्वी पहाट होईपर्यंत चालणारे नाटक आता तीन-साडेतीन तासांत बसवतात. ‘सौभद्रा’त मुळात शंभरावर पदे आहेत, आज त्यांतली थोडीच गायली जातात आणि साक्या, दिंड्या, कामदा या छंदांतल्या पदांवर सर्वांत आधी काट बसते. ही काटछाट नटसंच पाहूनच होते. कृष्ण चांगला गाणारा मिळाला तर ‘नच सुंदरी करू कोपा’ रंगत जाते, नारद कच्चा असेल तर त्याचे एखादे पद गुपचूप गळते. छापील संहिता हातात धरून बसणाऱ्याला हे खटकेल, पण उत्सवी नाटक असेच जगले आहे.

पात्र बदलले की आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, बदलते. सुभद्रा आणि अर्जुन दोघेही पुरुष असत तेव्हा दोन गळ्यांतले अंतर कमी असे. आता सुभद्रा बाई करते आणि तिची पट्टी काळी चार किंवा पाच (पेटीवरची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी) असते, तर अर्जुन काळी एकच्या आसपास गातो. ऑर्गनवर षड्ज (मूळ ‘सा’) कुठेही धरता येतो. तबला मात्र एका सुरात लावलेला असतो, म्हणून तबलजी दोन-तीन तबले लावून ठेवतो आणि पात्राचा प्रवेश होता होता बदलून घेतो. बाहेरून बोलावलेली गायिका-नटी प्रयोगाच्या आदल्या एक-दोन दिवशीच तालमीला पोचली, तर खरी कसोटी ऑर्गनवाल्याची आणि तबलजीची. त्या नटीला पार्ट पाठ असतो, कारण तीच भूमिका तिने इतर गावांत केलेली असते. तिच्यासमोरचा अर्जुन मात्र दर गावात नवा.

गायक बदलल्यावर नुसती पट्टीच नव्हे, चालही बदलू शकते. याचे ठळक उदाहरण ‘मानापमान’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक 12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर मंडळीने आणले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, नायिका भामिनी बालगंधर्वांची, नायक धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा. त्याच वर्षी जोगळेकर वारले. पुढे टेंबे स्वतः धैर्यधर करू लागले. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त प्रयोगात बालगंधर्वांसमोर केशवराव भोसले धैर्यधर म्हणून उभे राहिले. मंगेशीत 1900 साली जन्मलेले दीनानाथ मंगेशकर 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बलवंत संगीत मंडळी काढून बसले. त्यांनी धैर्यधर केला तेव्हा ‘शूरा मी वंदिले’, ‘रवि मी’ यांसारखी पदे आपल्या गळ्याच्या आक्रमक फेकीला साजेशा चालींत गायली. तेव्हापासून एकाच पदाच्या दोन चाली चालू आहेत, आणि नव्या धैर्यधराला तालमीच्या पहिल्याच दिवशी विचारावे लागते, कुठली घ्यायची?

स्वातंत्र्योत्तर काळात संगीत नाटकाला नवे बळ मिळाले त्यातही गोमंतकीयांचा वाटा मोठा. 1919 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दि गोवा हिंदु असोसिएशनने 1964 मध्ये वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ सादर केले. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे, पराशर रामदास कामतांचा, सत्यवती आशालता वाबगावकरांची. ‘गुंतता हृदय हे’ गाणारा पराशर आजही कामतांच्या सावलीतून सहज सुटत नाही. अभिषेकींचेच संगीत असलेले पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 मध्ये आले आणि त्यातले गवई खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे हे समीकरण झाले. 2010 मध्ये सुबोध भावे यांनी ते पुन्हा उभे केले, तेव्हा खाँसाहेब वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे होते आणि तरुण गायक सदाशिवाच्या भूमिकेत अभिषेकींचे शिष्य महेश काळे. 2015 च्या चित्रपटात पडद्यावरचा खाँसाहेब सचिन पिळगावकरांचा आणि आवाज राहुल देशपांडे यांचा. सदाशिवाचे काम भावे यांचे आणि गाणे काळे यांचे. चित्रपटाला ही सोय आहे. जत्रेतल्या नाटकाला नाही: तिथे अभिनय आणि ताना एकाच देहाने द्यायच्या, म्हणून ‘कट्यार’ला हात घालणारी गावे थोडी.

पणजीच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांमुळे ही परंपरा देवळाबाहेरही आली. अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात परीक्षकांसमोर झालेला प्रयोग चोख असतो, वेळेत संपतो. मंडपातला प्रयोग मात्र ‘वन्स मोअर’ने लांबतो, मधेच पात्राचा शब्द अडला तर समोरून कोणी तरी तो पुरवतो, आणि पद रंगले तर ते पुन्हा ऐकल्यावाचून नाटक पुढे सरकू दिले जात नाही. दोन्हींत सरस कोण हा वाद गोव्यात नेहमीचा आहे. पण गाणारे तरुण दोन्हीकडे तेच असतात, आणि स्पर्धेसाठी पक्का केलेला पार्ट पुढच्या जत्रेत उपयोगी पडतो. आज अडचण आहे ती पुरुष पात्रांची. शास्त्रीय गाणे शिकणाऱ्या मुली बऱ्याच मिळतात. तीन तास उभे राहून गाणारा, संवाद बोलणारा आणि नोकरी सांभाळून महिनाभर रात्री तालमीला येणारा अर्जुन शोधावा लागतो. असा अर्जुन एका गावात मिळाला की हंगामात तो आजूबाजूच्या गावांच्या नाटकांतही दिसतो.