मध्ययुगीन लंडनमधील कमरपट्ट्यांचा धातुसाज

मध्ययुगीन युरोपात स्त्रिया आणि पुरुष दोघेही अंगावरच्या झग्यावर चामड्याचा किंवा विणलेल्या रेशमाचा पट्टा बांधत. कपड्यांना खिसे नसत, त्यामुळे पैशांची थैली, सुरी, किल्ल्या असे सारे पट्ट्यालाच लटकवलेले असे. या पट्ट्याचे बक्कल, टोकाला बसवलेले धातूचे टोपण आणि लांबीभर ठोकलेली फुले व आडव्या पट्ट्या म्हणजे त्याचा धातुसाज. आपल्याकडे ‘बक्कल’ हा शब्द इंग्रजीतून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘बुक्कुला’, म्हणजे लहानसा गाल. शिरस्त्राणाचा पट्टा गालाशी अडकवला जाई त्यावरून. महाराष्ट्र पोलिसांचा ‘बक्कल नंबर’ही याच घराण्यातला.

अशा वस्तूंचा सर्वांत भरवशाचा संग्रह लंडनला थेम्स नदीच्या काठी १९७० आणि १९८०च्या दशकांतील उत्खननांत मिळाला. ट्रिग लेन, स्वॉन लेन, बिलिंग्जगेट ही त्यांतली महत्त्वाची ठिकाणे. बाराव्या ते पंधराव्या शतकांत लंडनकर पात्रात लाकडी बांध घालत, मागची पोकळी शहराच्या कचऱ्याने भरत आणि काही वर्षांनी आणखी पुढे नवा बांध घालत. बांधाच्या लाकडाच्या वर्षवलयांवरून तो कधी घातला ते कळते. मग दोन बांधांमधल्या भरावातली वस्तू कोणत्या काळात टाकली गेली तेही ठरवता येते. ओल्या गाळात हवा पोचत नसल्याने काही बक्कलांवर चामड्याचा तुकडा अजून जसाच्या तसा आहे.

चौदाव्या शतकातले एक जोडकाम मुद्दाम पाहण्यासारखे आहे. बक्कलाच्या कड्यालाच मागे दोन शिंगांसारखे फाटे ओतलेले असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्रे डाखाने जोडले की मध्ये पोकळ खोबण तयार होते; पट्ट्याचे टोक तिच्यात सरकवायचे आणि रिव्हेट ठोकायचा. धातू थोडा लागतो, पण वस्तू भरीव दिसते. लंडनमधल्याच कॉप्टहॉल ॲव्हेन्यू येथे एकावर एक रचून एका ओतणीत अनेक बक्कले काढण्याचे मातीचे साचेही सापडले आहेत. ही राजेरजवाड्यांची नव्हे, बाजारातली घाऊक कारागिरी होती.

कमरपट्टे करणाऱ्यांच्या लंडनमधील श्रेणीला, म्हणजे कारागिरांच्या संघाला, १३२७ मध्ये राजा तिसऱ्या एडवर्डची सनद मिळाली. तिच्यात शिसे, कथील अशा ‘खोट्या’ धातूंनी पट्टे मढवण्यास मनाई होती. १३६३च्या कायद्याने तर कारागिरांना सोन्याचांदीचे पट्टे आणि गुंड्या घालण्यासच बंदी केली. तो फार टिकला नाही. प्रत्यक्षात गाळातून शिसे-कथलाचे बक्कल आणि फुले भरपूर निघाली. नवी असताना ती चांदीसारखी चमकत आणि किमतीला परवडत. लोखंडी बक्कलांनाही कथलाची कल्हई केलेली आढळते. थडग्यांवरच्या पुतळ्यांत श्रीमंतांचे पट्टे दिसतात. गवंड्याच्या किंवा मोलकरणीच्या कमरेला काय होते, ते या कचऱ्यानेच सांगितले, आणि या वस्तूंचे खरे मोल तेच आहे.

इंग्लंडमध्ये शेतांतून धातुशोधक यंत्राने आजही अशी हजारो बक्कले निघतात. १९९७ पासून ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ ही लोकांना सापडलेल्या पुरावस्तूंची योजना त्यांची नोंद ठेवते. नांगरटीने वर आलेल्या वस्तूला काळ सांगणारा जमिनीतला थर उरत नाही, म्हणून तिचा काळ ठरवताना थेम्सकाठचा नमुना शेजारी ठेवून आकार आणि जोडणी ताडून पाहतात.